कुक्षी ते रावेरखेडी

माळव्याच्या पठारावरून दक्षिणेकडे विंध्याचा घाट उतरू लागले की हवेतला गारवा मागे राहतो, भुई हळूहळू सपाट होत जाते आणि कापूस, मिरची, मका यांची शेते रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसू लागतात. हे निमाड. धार जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला, नर्मदेपासून फार दूर नाही अशा अंतरावर, आमचे कुक्षी वसले आहे. इंदूर-उज्जैनकडच्या वाचकांना कुक्षी म्हटले की बहुधा बाघची लेणी आठवतात, कारण तिकडे जाणारा प्रवासी आमच्या बसस्थानकावर चहा घेतो. जैन बांधवांना जवळचे तालनपूरचे तीर्थ आठवते. लुगड्यांची पारख असणाऱ्या स्त्रियांना बाघच्या खत्री कारागिरांनी लाकडी ठशांनी छापलेले कापड आठवते. खुद्द कुक्षी मात्र सहसा कोणाला आठवत नाही, आणि त्याबद्दल कुक्षीची कधी तक्रारही नसते.

येथील मराठी घरे थोडी आहेत, पण जुनी आहेत. कुक्षी हा धारच्या पवार संस्थानाचा परगणा. वसुली, दफ्तर, ठाणे आणि शिबंदी यांच्या निमित्ताने जी माणसे दख्खनेतून वर आली ती इथलीच होऊन गेली. १९४८ मध्ये धार संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्य प्रदेश आला; घरे हलली नाहीत. घरात मराठी, ओट्यावर निमाडी आणि कचेरीत हिंदी अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो. भाद्रपदात गणपती बसतात, चैत्रात हळदीकुंकू होते, आणि होळीच्या आधी भगोरियाच्या हाटात मांदळ घुमू लागला की आमची मुलेही आपल्या भिल्ल-भिलाला सवंगड्यांबरोबर तिकडे धाव घेतात.

या साऱ्या घरांचे एक ठिकाण सामाईक होते. निसरपूरजवळ नर्मदेच्या काठी कोटेश्वराचे तीर्थ होते. परिक्रमावासी तेथे मुक्काम करीत. आमची माणसे तेथे अस्थी सोडीत आणि सर्वपित्रीला तर्पण करीत. सरदार सरोवराचे धरण खाली गुजरातेत, केवडियाला. परंतु त्याच्या फुगवट्याचे पाणी आमच्या परगण्यापर्यंत पोचले. २०१७ मध्ये चिखलद्यासमोर, बडवानीच्या बाजूस, राजघाटावर असलेले गांधीजींचे स्मारक हलवावे लागले. १९६५ साली उभारलेल्या त्या स्मारकात महात्माजींबरोबर कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्याही अस्थी ठेवलेल्या होत्या. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि निसरपूर, चिखलदा, कोटेश्वराचा घाट हे सारे पाण्याखाली गेले. ज्यांची घरेदारे बुडाली त्यांचे दुःख मोठे. त्यापुढे दुसऱ्या कशाचा उच्चार करणेही बरे दिसत नाही. तरीपण ज्यांची घरे शाबूत राहिली त्यांचीही एक पायरी गेली. पितरांना पाणी द्यायला जिच्यावर बसायचे, ती.

माझ्या काकांच्या अस्थी २०१४ मध्ये आम्ही याच घाटावरून सोडल्या होत्या. काका सैन्यात होते. १९६२ च्या चीनच्या आक्रमणानंतर जी तरुण मुले भरतीसाठी रांगेत उभी राहिली त्यांत ते एक. जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रात ते वायरलेस शिकले. १९६५ मध्ये पंजाबच्या आणि १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी संदेशवहनाचे काम केले आणि १९८६ मध्ये नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते कुक्षीस परतले. त्यांच्या छातीवर शौर्यपदक नव्हते. अंगावर जखमेची खूणही नव्हती. सिग्नल्सच्या माणसाचे काम ऐकण्याचे आणि ऐकलेले जसेच्या तसे पुढे पोचवण्याचे. ‘तीव्र चौकस’ हे त्यांच्या कोअरचे ब्रीद. ते घरातही पाळले जाई. कोणी निरोप सांगितला की काका तो उलट म्हणून दाखवीत, आणि आम्ही मुलांनी निरोप आणला तर आमच्याकडूनही म्हणवून घेत.

निवृत्तीनंतर त्यांनी एक काम आपणहून अंगावर घेतले. हाटाच्या दिवशी सकाळी ते ओट्यावर सतरंजी टाकून बसत. डोंगराकडच्या पाड्यांवरून हाटाला आलेली माणसे आपापले कागद घेऊन त्यांच्यापुढे येत. कोणाचे निवृत्तिवेतन अडलेले, कोणाच्या सातबाऱ्यासारख्या कागदावर (इकडे त्याला खसरा म्हणतात) नाव चुकलेले, कोणाच्या मुलाला फौजेच्या भरतीचा अर्ज करायचा असे. काका अर्ज लिहीत, तो मोठ्याने वाचून दाखवीत आणि मग समोरच्या माणसाला म्हणत, “आता तू सांग, यात काय लिहिलंय?” त्याने आपल्या बोलीत ते नीट सांगितले तरच अंगठा घ्यायचा. सांगता आले नाही तर अर्ज फाडून नवा, अधिक सोपा लिहायचा. एका लांब वहीत अनुक्रमांक, तारीख, नाव, काम आणि शेवटच्या रकान्यात त्याचा निकाल अशी नोंद होई. अठ्ठावीस वर्षे हे चालले.

घाट बुडाल्यावर काकूंपुढे प्रश्न उभा राहिला. काकांच्या तिथीला दिवा कोठे लावायचा? मुलगे दोघे, एक इंदूरला, एक पुण्याला. एकाचे म्हणणे पडले की गावात काकांच्या नावाचा दगडी बाक बसवावा; दुसऱ्याचे म्हणणे, एखाद्या शाळेत त्यांच्या नावाची खोली बांधावी. दोन्ही सूचना प्रेमाच्या होत्या. काकू मात्र हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. एकदा मला म्हणाल्या, “अरे, स्मारकं लढाईत गेलेल्यांची असतात. हे तर घरी परत आले. माझ्या हातचं अठ्ठावीस वर्षं जेवले आणि झोपेत गेले. यांचं काय लिहायचं दगडावर?”

प्रश्न साधा होता, पण त्याला उत्तर सोपे नव्हते. युद्धात कामी आलेल्या जवानाच्या पत्नीला आज ‘वीरनारी’ हा शब्द आहे, आणि तो योग्यच आहे. जो जवान परत आला, गावात म्हातारा झाला आणि चारचौघांसारखा गेला, त्याच्या पत्नीसाठी आपल्या भाषेत वेगळा शब्द नाही. तिला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, इतकीच काय ती तिची नोंद. मी काकूंना म्हटले, “काकू, आपल्या या मुलखात शिपाईगड्यांच्या बायका काही थोड्या झाल्या नाहीत. त्यांनी काय केलं ते एकदा पाहून येऊ या का?” काकू चटकन म्हणाल्या, “चल. माघात थंडी असते, बरं पडेल.” त्याप्रमाणे गेल्या माघात जीप ठरवून आम्ही तीन दिवसांसाठी निघालो. वाचकांनी तो प्रवास आपलाही समजावा, कारण ज्या स्त्रियांच्या खुणा आम्ही पाहिल्या त्या साऱ्या माळव्यातल्या मराठी घरांच्या पूर्वजा आहेत.

पहिला मुक्काम धार. घाट चढून वर आले की गावाआधी तांबूस दगडाचा किल्ला दिसतो. या किल्ल्याशी मराठ्यांचा फार जुना संबंध. राघोबादादांची पत्नी आनंदीबाई यांनी संकटकाळी याच किल्ल्याचा आश्रय घेतला आणि जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म येथेच झाला. धारचे पवार हे मुळातच तलवारीचे घराणे. यशवंतराव पवार १७६१ मध्ये पानिपतावर पडले. त्यांचे नातू आनंदराव यांनी १८०७ पर्यंत धारची गादी सांभाळली. ‘सांभाळली’ हा शब्द मी जाणून वापरतो. तो काळ माळव्यात कोणी कोणाचा नव्हता असा. शिंदे-होळकरांच्या फौजा आणि पेंढाऱ्यांच्या टोळ्या यांच्या ये-जा करण्यात गावेच्या गावे उजाड होत होती, आणि धारचे परगणे एकामागून एक हातचे जात होते.

आनंदराव १८०७ मध्ये निवर्तले तेव्हा त्यांची पत्नी मैनाबाई गरोदर होती. गादीला वारस नाही, खजिना रिकामा, आणि घरातलाच मुरारराव हा दावेदार दाराशी उभा. मैनाबाई मांडूस गेल्या आणि तेथे त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव रामचंद्र. पुढे धारेस परतल्यावर मुराररावाने त्यांच्या शहरातल्या वाड्याला वेढा घातला. सर जॉन माल्कम याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात हा प्रसंग दिला आहे. बाईंनी एका शेतकऱ्याच्या मुलाशी आपल्या मुलाची अदलाबदल करून त्याला किल्ल्यात सुखरूप पोचवले, आणि आपण मात्र वेढ्यात राहिल्या. किल्ला खाली करण्याचा हुकूम द्या म्हणून त्यांच्यावर दडपण आले. त्यांनी तो दिला नाही. पुढे बडोद्याकडून कुमक आली आणि मुरारराव हटला.

इतक्यावर दैवाचे समाधान झाले नाही. तो मुलगाही लहानपणीच गेला. मैनाबाईंनी आपल्या बहिणीचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचेही नाव रामचंद्रच ठेवले. बापू रघुनाथ या कारभाऱ्याच्या साहाय्याने त्यांनी राज्य तगवून धरले. इंग्रज माळव्यात आले तेव्हा धार शहर आणि किल्ला यांपलीकडे पवारांच्या हाती फारसे काही उरले नव्हते. पण ते उरले होते, म्हणून १० जानेवारी १८१९ रोजी धारशी तह होऊ शकला आणि गेलेल्या मुलखापैकी काही परत मिळाला. त्या तगून राहिलेल्या राज्याचा परगणा म्हणून आमचे कुक्षी पुढे १९४८ पर्यंत नांदले. आमच्या पूर्वजांची घरे ज्या सनदांवर उभी राहिली त्यांच्या मुळाशी एका विधवेचे बारा वर्षांचे जागरण आहे, हे आम्हा कुक्षीकरांच्या सहसा ध्यानात येत नाही.

काकूंनी ही हकीकत किल्ल्याच्या तटावर बसून शांतपणे ऐकली. मग विचारले, “दुसऱ्या मुलाचं नावही रामचंद्रच ठेवलं? तेच?” मी हो म्हटले. “मग तिला लोक काय म्हणाले असतील ते असो,” त्या म्हणाल्या, “पण तिनं काम जिथं थांबलं होतं तिथूनच धरलं.”

धारहून नालछ्यावरून मांडूस गेलो. मांडूचे वर्णन मराठीत पुष्कळांनी केले आहे. जहाज महाल, हिंडोळा महाल आणि होशंगशहाची संगमरवरी कबर यांविषयी मी नवे काय सांगणार? परंतु एक गोष्ट मनात राहिली. तेथला वाटाड्या प्रत्येकाला रूपमतीची कथा सांगतो. १५६१ मध्ये आदमखानाने बाजबहादुराचा पराभव केला, बाजबहादूर पळाला आणि रूपमतीने विष घेऊन प्राण दिला. कथा करुण आहे आणि तिने या डोंगराला अमर केले आहे. पुढे बाजबहादूर अकबराच्या चाकरीत राहिला, हे मात्र त्या कथेत सहसा येत नाही. वाटाड्याला मी मैनाबाईंविषयी विचारले. त्याने नाव ऐकले नव्हते. यात त्याचा दोष नाही. नवऱ्यासाठी मरण पत्करलेल्या स्त्रीचे गाणे होते. नवऱ्याच्या मागे जगून, त्याचे ओझे उचलून, मूल कुशीत घेऊन याच डोंगरावर थंडीवाऱ्यात दिवस काढणाऱ्या स्त्रीचे गाणे होत नाही. लोकांना शेवट लागतो, आणि जगणाऱ्या बाईच्या गोष्टीला लवकर शेवट येत नाही.

रूपमतीच्या मंडपातून खाली पाहिले की डोंगराचा कडा एकदम तुटतो आणि दूरवर निमाडचे मैदान पसरलेले दिसते. हवा स्वच्छ असेल तर त्यात नर्मदेची रेघ चमकते. काकू बराच वेळ त्या रेघेकडे पाहत होत्या. “आपलं कोटेश्वर कुठंसं येईल?” त्यांनी विचारले. मी पश्चिमेकडे हात केला. तिकडे धुकट होते.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून धामणोदवरून महेश्वर. येथे अहिल्यादेवींविषयी सांगायला नको. महेश्वरचा प्रत्येक दगड ते सांगतो. मात्र त्या देवी होण्याआधी एका शिपायाची पत्नी होत्या, याकडे आपले लक्ष कमी जाते. मल्हाररावांचे पुत्र खंडेराव १७५४ मध्ये, भरतपूरच्या जाटांच्या कुंभेरी किल्ल्याला वेढा पडला असता, तोफेच्या गोळ्याने ठार झाले. अहिल्याबाईंचे वय तेव्हा अवघे अठ्ठावीस. त्या सती जाण्यास सिद्ध झाल्या होत्या आणि सासऱ्यांनी त्यांना अडवले, ही कथा घराघरात सांगितली जाते. पण अडवून मल्हाररावांनी त्यांना देव्हाऱ्यात बसवले नाही. त्यांनी सुनेला काम दिले. १७६५ मधील पत्रांतून ते तिला ग्वाल्हेरकडच्या मोहिमेत तोफखाना, दारूगोळा आणि रसद यांविषयी आज्ञा लिहितात. ज्या तोफेच्या गोळ्याने नवरा गेला त्याच जातीच्या गोळ्यांचा हिशेब ही स्त्री ठेवीत होती. सासरे १७६६ मध्ये गेले, मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेला, आणि त्यानंतर १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी राज्य केले.

खंडेरावांची छत्री कुंभेरीजवळ आहे, येथून पुष्कळ दूर, राजस्थानात. महेश्वरात आहेत त्या अहिल्याबाईंनी केलेल्या गोष्टी: घाट, देवळे, कचेरीची साधी बैठक, आणि त्यांनी वसवलेल्या विणकरांचे माग. एका मागापाशी आम्ही थांबलो. धोटा इकडून तिकडे जात होता. विणणारी बाई काकूंच्याच वयाची असावी. दोघींनी हिंदीत चौकशा केल्या, किती वार झाले, डोळ्यांना दिसते का, मुले काय करतात. निघताना काकू मला म्हणाल्या, “नवऱ्याचं नाव कुठं दिसत नाही इथं. पण हे सगळं चाललंय ते त्या एका दिवसापासून ना, कुंभेरीच्या?” मी मान हलवली. अहिल्याबाईंच्या चरित्रातले ते वर्ष, १७५४, मी माझ्या विद्यार्थ्यांकडून अनेकदा पाठ करून घेतले आहे. ते एका आयुष्याचा आरंभ म्हणून मात्र त्या दिवशी प्रथमच माझ्यापुढे उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी नर्मदा ओलांडून दक्षिण तीराने रावेरखेडीस पोचलो. खरगोन जिल्ह्यातले हे लहानसे गाव. तेथे थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. फेब्रुवारी १७४० मध्ये नासिरजंगाशी मुंगी-शेवगावचा तह झाला आणि त्यात खरगोन व हंडिया हे मुलूख बाजीरावांना मिळाले. त्या नव्या मुलखाच्या व्यवस्थेसाठी ते इकडे आले, नर्मदाकाठी ज्वराने आजारी पडले आणि २८ एप्रिल १७४० रोजी निधन पावले. वय चाळीसही पुरे नव्हते. वीस वर्षे घोड्याच्या पाठीवर काढलेला हा सेनापती रणांगणावर पडला नाही. तंबूत, तापाने गेला. नानासाहेबांच्या आज्ञेने राणोजी शिंद्यांनी बांधलेली समाधी दगडी, भक्कम आणि अतिशय साधी आहे. महेश्वर प्रकल्पाच्या पाण्यात ही समाधी जाईल अशी धास्ती इतिहासप्रेमींना बरीच वर्षे होती. त्यामुळे आम्हा बुडितातल्या माणसांना येथे आल्यावर ओळखीच्या घरी आल्यासारखे वाटते.

अखेरच्या दिवसांत काशीबाई येथे त्यांच्याजवळ होत्या. पुढे त्यांनी चासला, आपल्या माहेरगावी, सोमेश्वराचे देऊळ बांधले. परंतु त्यांचे खरे स्मरण मला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. मस्तानीही त्याच १७४० साली गेली. तिचा आणि बाजीरावांचा मुलगा समशेरबहादूर तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला काशीबाईंनी आपल्या छायेत वाढवले. तो पेशव्यांच्या फौजेत लढला आणि १७६१ च्या पानिपतात कामी आला. सवतीचे पोर ज्या हातांनी वाढवले त्या हातांना किती गिळावे लागले असेल, याची कल्पना वाचकांतील गृहिणी माझ्यापेक्षा अधिक करू शकतील. नवऱ्याच्या कीर्तीवर हक्क सांगणे सोपे. त्याने मागे ठेवलेली जबाबदारी, तीही आपल्याला न रुचणारी, आपली मानणे कठीण.

समाधीला प्रदक्षिणा घालून काकू पायरीवर बसल्या. वारा पाण्यावरून येत होता. बऱ्याच वेळाने, जणू बोलणे मध्येच चालू असल्यासारखे, त्या म्हणाल्या, “एकाहत्तरच्या डिसेंबरात मी कुक्षीला होते. लग्नाला वर्ष झालं होतं. गल्लीत तारवाला शिरला की सगळ्या बायका दारं लोटून घ्यायच्या. आपल्याकडे नको, पुढे जाऊ दे, म्हणून. लढाई तेरा दिवसांत संपली, पण माझं ते दार पुढं वर्षभर लोटलेलंच असायचं. आणि हे तिकडं वाळूत बसून दुसऱ्यांचे निरोप पोचवत होते. यांचं पत्र यायचं त्यावर गाव नाही, जिल्हा नाही. युनिटचं नाव आणि छप्पन एपीओ. कुठं आहेत, थंडीत आहेत की उन्हात, काही कळायचं नाही. मी त्याच पत्त्यावर लिहायची आणि ते पोचायचं.” त्या थोड्या थांबल्या. “कोटेश्वर बुडालं तर मी एवढी का घाबरले कोण जाणे. हे कुठं आहेत ते मला तेव्हा तरी कुठं माहीत असायचं?”

यावर मी काही बोललो नाही. जवळच एक परिक्रमावासी जोडपे समाधीच्या ओवरीत भाकरी बांधून घेत होते.

परतीच्या वाटेवर काकूंच्या सांगण्यावरून जीप बडवानीकडून आमच्या बाजूला आणली आणि जलाशयाच्या काठाशी जेथवर जाता येते तेथवर गेलो. जुना डांबरी रस्ता सरळ जातो आणि पाण्यात शिरतो. पुढे वाळून पांढऱ्या झालेल्या झाडांचे शेंडे तेवढे वर दिसतात. काकूंनी रस्त्याच्या कडेला बसून ओंजळभर पाणी घेतले, काकांचे नाव घेतले आणि सोडले. दिवा लावला नाही. वारा होता.

बाक आणि खोली यांविषयी मुलांना काय कळवायचे, असे मी घरी आल्यावर विचारले. काकू म्हणाल्या, “खोली बांधायची तर बांधू देत, मुलांना सावली होईल. पण त्यावर यांचं नाव नको. यांनी कधी स्वतःच्या नावानं अर्ज लिहिला नाही.”

येथवर लिहिल्यावर वाचक विचारतील की काकूंनी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर काय ठरवले. ठरवले असे त्यांनी मला सांगितले नाही. फाल्गुनात हाटाच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ओट्यावर सतरंजी होती. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांचे अक्षर मोठे आणि ठसठशीत आहे. समोर डोंगराकडची एक वृद्ध बाई बसली होती. तिचे निवृत्तिवेतन बँकेत काही महिने अडले होते. काकूंनी अर्ज लिहिला, मोठ्याने वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, “अब तू बता बाई, इसमें क्या लिखा है?” ती बाई अडखळत, भिलालीत सांगू लागली. काकूंनी मध्येच हात वर केला, कागद फाडला आणि नवा घेतला. ती बाई हसू लागली, काकूही हसल्या.

काकांची लांब वही त्यांच्या मांडीवर उघडी होती. दहा वर्षांहून अधिक काळ ती काळ्या ट्रंकेत पडून होती, त्यामुळे कडांना पिवळी पडली होती. शेवटची नोंद काकांच्या बारीक, तिरप्या अक्षरातली होती आणि तिच्या निकालाचा रकाना कोरा होता. काकूंनी आधी त्या माणसाचा शोध घेऊन, काम झाले की नाही ते विचारून, तो रकाना भरला होता. खालच्या ओळीवर नवी नोंद होती. अनुक्रमांक एकपासून नव्हता. काकांच्या शेवटच्या आकड्याच्या पुढचाच होता.